गेरुआ की गोयरा

आमच्या इंदूरच्या रामबागेत असं बोललं जातं की समोरचे चिंतामणकाका मिल बंद पडल्यावर घोरपडीच्या तेलाचा धंदा करतात. घोरपड म्हणजे इकडचा गोयरा. हाताएवढी पाल समजा, फक्त हात पहिलवानाचा. काका म्हणे तिला बाथरूममध्ये ठेवतात, तिचं तेल काढतात आणि पिवळ्या बाटल्यांत भरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे त्या जुन्या दगडी समाध्यांपाशी, गुडघेदुखीवाल्यांना विकतात.

ही बातमी गंगूबाईंची. गंगूबाई चार घरची भांडी आणि आठ घरच्या बातम्या घासतात. त्या नाकातून बोलतात, म्हणून हेही नाकातूनच ऐकायचं: "अहो बाई, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ड्रमातून शेपूट बाहर. मी तर उलट्या पावली परत. गोयरा काटला की माणूस पाणी पण मांगत नाही, सीधा खल्लास."

यातलं शेपटाचं खरं आहे. बाकीचं दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलंय. का आलं, ते शेवटी सांगते. घोरपड काकांच्या घरी रविवारी दुपारी आली आणि सोमवारी अकरा वाजता सरकारी इतमामाने गेली. तेल कोणी काढलं नाही. बाटल्या पिवळ्या होत्या हे कबूल, पण त्यातलं औषध गुडघ्याला चोळलं तर गुडघ्यावर बुरशी धरणार नाही, एवढाच काय तो फायदा.

चिंतामणकाका सव्वीस वर्षं मिलच्या घडी खात्यात होते. विणून, धुऊन, रंगवून झालेलं कापड शेवटी तिथे येतं. ते उजेडावर धरायचं, डाग शोधायचे, मग घडी घालून शिक्का मारायचा. काकांची पद्धत ठरलेली होती. कागदाच्या मधोमध रेघ. डाव्या खान्यात पास झालेला नमुना, उजव्या खान्यात समोरचा तागा. "एक बाजू," काका म्हणायचे. मग श्वास. मग चष्मा वर. मग "दुसरी बाजू." ही नक्कल मी आठवीपासून करते. त्यात श्वास महत्त्वाचा आहे. तो चुकला की नुसता एक म्हातारा होतो, काका होत नाहीत.

शिवाय त्यांना नाक होतं. पावसाळ्यात कांजी लावलेल्या सुतावर बुरशी धरते. काका खात्याच्या दारातूनच सांगायचे, भिंतीकडच्या तिसऱ्या गाठीला लागलीय, आणि तिसऱ्याच गाठीला लागलेली असायची. घरीसुद्धा ते दोन फुलकोब्या समोरासमोर ठेवून रेघ ओढल्याशिवाय भाजी घेत नाहीत. कुमुदिनीकाकू म्हणतात, "लग्नाच्या वेळी यांच्याकडे दोन फोटो गेले होते, एक माझा, एक माझ्या बहिणीचा. कोणत्या खान्यात काय लिहिलं होतं, ते विचारायची हिम्मत मला अजून नाही झाली."

मग एक दिवस मिलच्या गेटला कुलूप लागलं. त्या दिवसांत टीव्हीवर रोज सांगायचे की देशाचे दरवाजे उघडले. आमच्याकडे एक दरवाजा बंद झाला होता, पण तो बातम्यांत येण्याइतका मोठा नसावा. मिलचा भोंगा गेला आणि तो आवाज तोंडाने काढणारी मोहल्ल्यात मी एकटीच उरले. एका सकाळी गच्चीवरून काढला. समोर काका डबा घेऊन पायऱ्या उतरले, फाटकापर्यंत आले, थांबले. वर माझ्याकडे बघून म्हणाले, "सूर अर्धा वर लागला," आणि डबा घेऊन आत गेले. तो आयटम मी परत केला नाही.

दोन वर्षांनी काकांना काम मिळालं ते सियागंजात, ठोक बाजारात. तिथे नीरजभियांचं फवारणीचे पंप आणि पिकांवरची औषधं यांचं दुकान आहे. नीरजभिया तिशीतले आणि बोलताना घड्याळाच्या पट्ट्याशी खेळणारे. "अंकल, मार्केट ओपन हो गया है. बाहर की कंपनी का माल है, बुरशी की दवा है, और बुरशी में आपका नाम है. हातोद एरिया आपका. शिवरात्रि तक ट्रायल. पटेल लोग माल उठाने लगे तो आप परमनंट. नहीं उठाया तो..." त्यांनी पट्टा सोडून परत बांधला.

नाही उठवला तर काय, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. भोपाळ. काकूंचे भाऊ श्रीपादमामा तिकडे मोठ्या पोस्टवर आहेत आणि त्यांनी वरची खोली रिकामी करून ठेवली होती. दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं: 'या आता, चिंतामणराव, संकोच कसला.' काका ते पत्र घडी घालून ठेवायचे. सव्वीस वर्षं घड्या घातलेला माणूस, पण त्या पत्राची घडी कधी सरळ यायची नाही. काकूंनी ट्रंक माळ्यावरून खाली काढली होती आणि तिच्यावर चादर घालून तिला स्टूल म्हणत होत्या. माझं म्हणाल तर माझा सगळ्यात चांगला आयटम भोपाळला चालला होता.

डिसेंबर गेला. काका रोज लूनावरून शहराबाहेर हातोदला जात आणि बाटल्या परत आणत. कारण असं की ते खरं बोलत. एखाद्या पटेलाने, म्हणजे गावच्या शेतकऱ्याने, विचारलं, दवा लेनी क्या, तर काका त्याचं शेत बघून म्हणत, "अभी आपको जरूरत नहीं है." नीरजभिया पट्टा तीनदा बांधायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी फोन आला. आमच्या ओळीत फोन आमच्याकडेच, आणि काका गावोगाव तोच नंबर देत. हातोदचे भेरूलाल पटेल होते, लाइन खरखरत होती, आणि निरोप रस्ता ओलांडून काकांकडे गेला तो पटेलांच्या मूळ आवाजासकट: "बाबूजी, जल्दी आओ. म्हारा खेत में गोयरो लागी ग्यो."

काकांनी चष्मा वर केला. "गोयरा? आपण औषध विकतो."

"कंपनीवाल्यांना सगळंच जमतं असं वाटत असेल त्यांना," काकू म्हणाल्या. "जा तुम्ही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी आपणहून बोलावलंय."

हे काकांना पटलं. त्यांनी एक बारदानाची बोरी घेतली, मिलचे जाड हातमोजे घातले आणि लूना काढली. मला रविवारची सुट्टी होती आणि पटेलांचं घर शोधायला कोणीतरी हवं, असं मीच सुचवलं होतं. मी मागे बसले.

भेरूलाल पटेल बांधावरच उभे होते. मोठ्या मिशा, डोक्याला मफलर. काका लूनावरून उतरले आणि हिंदीत सुरू झाले. काकांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त बाहेर जायची चप्पल घातलेलं.

"किधर बसता है वो?"

"पूरा खेत में," पटेल म्हणाले.

काकांनी हातमोजे कोपरापर्यंत ओढले. "पूरे में? मतलब कितने होंगे?"

"अब गिनती थोड़ी है, बाबूजी."

"आए किधर से?"

"हवा से. तीन दिन पछुआ चली थी, उसी में."

काका थांबले. "उड़ते हैं?"

"उड़ते ही हैं. आज म्हारे यहाँ, कल पड़ोसी के."

"रंग?"

"पीलो, भगवो. हाथ फेरो तो हाथ में आ जाए."

"आपने हाथ फेरा?"

"मैंने फेरा, म्हारी घरवाली ने फेरा, छोरा-छोरी ने फेरा."

काकांनी पटेलांकडे असं पाहिलं जसं स्टेशनवर शेवटचं पाहतात. मग बोरीचं तोंड उघडून धरलं आणि एक-एक पाऊल टाकत गव्हात शिरले. दहा पावलांवर वाकले. एक पान तोडलं, उजेडावर धरलं, त्यावरून बोट फिरवलं. बोटाला नारिंगी भुकटी लागली. काकांनी बोट नाकाशी नेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं ते तोंड पाहिलं, खात्याच्या दारात उभं असल्याचं.

"तांबेरा आहे हा," काका म्हणाले. "ज्याला हे लोक गेरुआ म्हणतात."

"वही तो," पटेल म्हणाले. "फोन पे बोला नी, गेरुओ लागी ग्यो." मग त्यांचं लक्ष हातमोज्यांकडे गेलं, मग बोरीकडे. "ये बोरी कई वास्ते, बाबूजी?"

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बोरीकडे पाहिलं.

"हमको गोयरा ऐसा समझा," काका म्हणाले. "हमारे सुनने में फरक हो गया."

पटेल आधी मिशीत हसले, मग मिशीबाहेर. त्यांनी बांधावरच्या गड्यांना सांगितलं, गड्यांनी पलीकडच्या शेताला सांगितलं. पाच मिनिटांत हातोदची हवा पछुआ, म्हणजे पश्चिमेची, असूनही चारी दिशांना वाहिली: इंदौर से बाबू आया है, गेरुआ पकड़ने, बोरी ले के. काकांनी हातमोजे काढून, घडी घालून खिशात ठेवले.

तेवढ्यात विहिरीकडून एक गडी पळत आला. खरा गोयरा होता म्हणे, विहिरीच्या दगडांत. चार दिवस भीतीने कोणी त्या बाजूला फिरकलं नव्हतं. आज थंडीने तो उन्हाला बाहेर आला होता आणि सात माणसं काठ्या घेऊन उभी होती. आम्ही गेलो. घोरपड दगडावर पसरली होती, सव्वा हात अंग आणि तेवढंच शेपूट, आणि थंडीने इतकी गारठली होती की सात माणसांकडे बघायचीही तिला सवड नव्हती.

"रुको," काका म्हणाले.

त्यांनी खिशातून औषधाच्या पावत्यांचा गठ्ठा काढला, मागच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ ओढली आणि तिथेच उभ्याउभ्या वाचून दाखवू लागले.

"एक बाजू," काका म्हणाले. श्वास. चष्मा. "गोयरा. पाँव चार. सबको दिखता है. चूहा खाता है, अंडा खाता है, गेहूँ नहीं खाता. जहर कुछ नहीं. हातोद में इसके काटने से आज तक कौन मरा?"

गड्यांत कुजबुज झाली. शेवटी एक म्हणाला, "देपालपुर में कोई मरा था."

"हातोद पूछा मैंने. कोई नहीं. दूसरी बाजू, गेरुआ. पाँव एक नहीं, और तीन दिन में पूरा खेत घूम लिया. दाँत नहीं, और फसल खा रहा है. इसके सामने आदमी कितने खड़े हैं? शून्य. इधर कितने हैं? सात, काठी समेत."

"दोनों में एक जैसा कई हे?" पटेलांनी विचारलं. ते अजून हसतच होते.

काकांनी खरंच विचार केला. "रहते दोनों खेत में. लेकिन ये कम हो रहा है, इसलिए सरकार इसको बचाती है. मारोगे तो जेल. वो बढ़ रहा है. उसको नहीं मारोगे तो उधर की रोटी गई. आप लोग उल्टा करने को निकले हैं."

काठ्या खाली आल्या. काकांनी हातमोजे परत घातले, घोरपडीला मानेमागे आणि कमरेपाशी धरून बोरीत सरकवलं, जसा ओला तागा उचलतात. बोरी शेवटी कामी आली.

त्यानंतर त्यांनी पुढच्या शेतातली पानं तोडली, मागच्या शेतातली तोडली आणि बांधावर दोन रांगांत मांडली. एक-एक पान उजेडावर धरत तासभर बसले. उठून म्हणाले, "पुढचं—मतलब आगे का—आज ही फवारो. नाले की तरफ का कोना गया, उस पे पैसा मत डालो. पीछे मालवी गेहूँ है, उसको एक दाग नहीं. उसको दवा की जरूरत नहीं."

पटेलांनी दोन बाटल्या घेतल्या. लूनावरच्या काकांच्या पेटीत दहा होत्या.

परतताना बोरी माझ्या मांडीवर होती. आत एखादं कुटुंब झोपल्यासारखं संथ वर-खाली होत होतं. गांधीनगर ओलांडेपर्यंत मी बोरीचं तोंड घट्ट धरून होते. मग म्हणाले, "काका, आता हा पटेल जन्मात परत येत नाही."

"येईल."

"तो हसला तुमच्यावर. सगळं हातोद हसलं. वर तुम्ही त्याला म्हणालात, औषध घेऊ नका."

"माल तपासला, जे दिसलं ते सांगितलं. येईल तो."

"पैज?"

काकांनी लूना हळू केली. पैज ठरली: शिवरात्रीच्या आत पटेल आपणहून आला नाही, तर मी जिंकले, आणि भोपाळला जाण्याआधी काकांनी सगळ्या मोहल्ल्यासमोर माझी नक्कल करायची. आला, तर मी हरले. हरल्यावर काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. मी हो म्हणाले, कारण हरायचा प्रश्नच नव्हता.

रविवारी वनखात्याचं ऑफिस बंद, म्हणून घोरपड बाथरूममधल्या ड्रमात राहिली. सोमवारी सकाळी गंगूबाईंना शेपूट दिसलं. ऑफिसातल्या साहेबांनी अर्ज मागितला तेव्हा काकांनी कागदावर रेघ ओढून दोन खान्यांत लिहिलं: 'आणली: एक. दिली: एक.' साहेब म्हणाले, इतका साफ अर्ज या ऑफिसात कधी आला नाही, आणि तो कोणत्या फाइलला लावायचा हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर काहीच झालं नाही. जानेवारी संपला. काका हातोदला गेले की पोरं "गोयरा-बाबू" म्हणून लूनामागे पळायची. नीरजभियांनी नवा माणूस बघायला सुरुवात केली. काकूंनी स्टूलवरची चादर काढली आणि त्याला परत ट्रंक म्हणू लागल्या. मी नक्कल कुठे करून घ्यायची ती जागा ठरवली: गणपतीच्या ओट्यावर.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी आईने मला उपासाचं शिंगाड्याचं पीठ आणायला सियागंजात पाठवलं. नीरजभियांच्या दुकानासमोर ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती आणि तिने अख्खी गल्ली अडवली होती. ट्रॉलीत पाच-सहा पागोटी आणि एक मफलर.

"गोयरावाला बाबूजी कठे हे?" मफलर विचारत होता.

"भिया, गलत आ गए," नीरजभिया काउंटरवरून म्हणाले. पटेलाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि गोयऱ्याची गोष्ट काकांनी दुकानात सांगितली नव्हती. "ये दवा की दुकान है. गोयरा-वोयरा इधर नहीं मिलता. वो कृष्णपुरा में तेलवाले बैठते होंगे."

"दवा ही लेनी हे. पर उनसे."

"उनसे किनसे? नाम बताओ."

नाव पटेलांना माहीत नव्हतं, ते बाबूजीच म्हणत आले होते. त्यांनी खांदे उडवले, ड्रायव्हरला हात केला. मागून हातगाडीवाले ओरडत होते. ट्रॅक्टर सुरू झाला. काका मागच्या गोदामात खोकी मोजत होते; तिथे ट्रॅक्टर सोडा, भोंगाही ऐकू गेला नसता.

मी पिठाची थैली घेऊन उभी होते. मला फक्त गप्प राहायचं होतं. ट्रॉली कोपऱ्यावर वळली की मी जिंकले होते. ओटा ठरला होता, प्रेक्षक ठरले होते.

"एक बाजू," मी म्हणाले. श्वास घेतला. नसलेला चष्मा वर केला. "गोयरा. पाँव चार. सबको दिखता है."

इतकं बरोबर ते मला आधी कधी जमलं नव्हतं. पटेल चालत्या ट्रॉलीत उभे राहिले. "रोक रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "येइज आवाज हे." त्यांनी गल्लीभर पाहिलं आणि त्यांना पिठाची थैली घेतलेली मी दिसले. बराच वेळ ते हिशेब लावत राहिले.

"गोदामात आहेत," मी म्हणाले. "पीछे."

पुढचं सगळं बसून झालं. पुढचं शेत वाचलं होतं, नाल्याकडचा कोपरा काका म्हणाले तसा गेला होता, आणि मागच्या मालवी गव्हाला औषधाशिवाय डाग पडला नव्हता. शेजाऱ्यांना दुसऱ्या दुकानांनी सगळ्याच शेतांवर फवारायला लावलं होतं. "ये पहला आदमी हे," पटेल नीरजभियांना म्हणाले, "जो बेचने आया ने बोला मत लो. हँसी तो घणी आई. पर घर जा के सोचा, झूठ बोलना होता तो बोरी का झूठ बोलता." पागोट्यांनी उशिरा पेरलेल्या गव्हासाठी औषध उचललं आणि प्रत्येकाने अट घातली की बाबूजींनी आधी येऊन पानं बघायची.

नीरजभियांनी पट्टा बांधलाच नाही. घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि त्याच आठवड्यात पत्रक छापून घेतलं: एका बाजूला घोरपड, दुसऱ्या बाजूला गव्हाचं पान, मध्ये रेघ, खाली पिवळी बाटली. आता माल लूनावर मावत नाही, म्हणून काका ही पत्रकं आणि बाटल्या पिशव्यांत घेऊन कृष्णपुऱ्याच्या पुलापाशी टेंपोची वाट बघत उभे असतात. गंगूबाईंनी ते पाहिलं. घोरपड होती, बाटली होती, रंग पिवळा होता. तेल त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं. एक निवृत्त पोस्टमास्तर अजूनही काकांना विचारतात, दिवसातून किती वेळा चोळायचं.

श्रीपादमामांना उत्तर गेलं. ट्रंक परत स्टूल झाली.

आणि मी पैज हरले. हरल्यावर काय करायचं ते काकांनी लूनावर, गांधीनगरच्या पुढे, मागे वळून न बघता सांगितलं होतं: "जे झालं ते लिहून काढायचं, सगळ्यांना वाचता येईल असं. दोन खाने पाडून. चूक कोणाची, ते उजव्या खान्यात."

खाने मला नीट पाडता येत नाहीत, म्हणून सरळ लिहिते. त्या रविवारी फोन मी घेतला होता. लाइन खरखरत होती, तरी पटेल अगदी स्पष्ट म्हणाले होते, गेरुओ; गोयरो मी केला.